थोरला भाऊ दारातच उभा होता

रविवारी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. चर्चमध्ये उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे पैसा उडवून घरी परतलेला धाकटा आणि त्याला बघून धावणारा बाप ही येशूनं सांगितलेली गोष्ट, सात मिनिटांचं नाटुकलं, उपदेशाच्या आधी. बाप धावला आणि मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. उपासनेत टाळ्या! फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर आम्ही बूड टेकवायच्या आत नानांनी छत्री रोवली.

"लिहून ठेवा! आज नाटक, उद्या नाच, परवा तिकीटखिडकी. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी उघडा, प्रोटेस्टंटांची शिकवण सांगणारी, १५६३ ची. प्रश्न ९८. मंडळीला शिकवायला चर्चमध्ये चित्रं चालतील का? उत्तर, नाही! देवाला आपली माणसं मुक्या मूर्तींनी नाही, वचनाच्या जिवंत उपदेशानं शिकवायची आहेत. संपला विषय."

"मुक्या ना?" माई म्हणाल्या. "आपली पोरं कुठे मुकी होती?"

"शब्दांत पकडू नका! नादाब आणि अबीहू आठवा. देवानं न सांगितलेला, अशास्त्र अग्नी नेला आणि भस्म झाले! लेवीय, अध्याय दहा!"

"नाना, धुराचं मशीन मी अजून आणलेलं नाही," दिवे-संगीत सांभाळणारा बाळ्या म्हणाला.

"आणून तर बघ!"

मास्तरांना इतिहासाचं बोट मिळालं की ते हात सोडत नाहीत. त्यांनी थेट ६०० सालाच्या सुमाराला नेलं. मार्सेयचा बिशप सेरेनस, त्यानं चर्चमधली चित्रं फोडली, कारण लोक त्यांना भजू लागले होते. पोप ग्रेगरीनं त्याला लिहिलं की भजू दिलं नाहीस हे बरं केलंस, फोडलीस हे चुकलं. वाचणाऱ्याला अक्षरातून जे मिळतं, ते न वाचता येणाऱ्याला चित्रातून मिळतं.

"आता सगळ्यांना वाचता येतं," नाना म्हणाले.

"येतं," माई म्हणाल्या. "वाचतात का?"

नाना झुरिकला गेले. १५२४ साली तिथे चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकली, बघा कशी स्वच्छ उपासना! मास्तर म्हणाले, मग ल्यूथरचं १५३४ चं बायबल घ्या, जागोजागी लाकडी ठशांची चित्रं आहेत, तेही जाळायचं का? आणि नाटक बाहेरून घुसलं असं कोण म्हणतं? इंग्लंडातल्या मठांसाठी दहाव्या शतकात, ९७० च्या आसपास, उपासनेची नियमावली झाली. तिच्यात ईस्टरच्या पहाटेसाठी चक्क रंगसूचना आहेत. एक भाऊ पांढऱ्या झग्यात कबरीपाशी जाऊन बसतो. तिघे जण धुपाटणी घेऊन, काहीतरी शोधत असल्यासारखे, हळूहळू येतात. तो गाऊन विचारतो, कोणाला शोधता? हे सगळं उपासनेच्या आत, वेगळा कार्यक्रम म्हणून नाही. युरोपातल्या धर्मनाट्याचा उगम लोक याच प्रश्नात शोधतात. पुढे १२२३ साली इटलीत ग्रेचोला फ्रान्सिसनं गव्हाणीत गवत टाकलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं आणि तिथेच नाताळची उपासना झाली.

"तो संत फ्रान्सिस होता," नाना म्हणाले. "हा आपला बाळ्या आहे."

यावर बाळ्यासकट सगळे हसले. नानांना एवढं एक मिळालं.

मग माई बोलल्या. संडे स्कूलमध्ये त्यांचे केस पांढरे झाले आहेत, आणि रविवारचं नाटुकलं त्यांनीच लिहिलं होतं.

"यहेज्केल संदेष्ट्याला देवानं काय सांगितलं? वीट घे, तिच्यावर यरुशलेमचं चित्र काढ, वेढा घाल, लोखंडी तवा मधे उभा कर. मग डाव्या कुशीवर ३९० दिवस नीज, उजव्या कुशीवर ४० दिवस. नाना, तुम्ही सात मिनिटांवर रागावलात."

"ती आज्ञा होती!" नानांनी छत्री आपटली. "संदेष्ट्याला प्रत्यक्ष आज्ञा! तुम्हाला कुठे आहे आज्ञा?"

हा मुद्दा खरा आहे आणि त्याला हसून वाटेला लावता येत नाही. उपासना कशी करावी हे देव ठरवतो, आपल्याला काय आवडतं यावर ती चालत नाही, एवढ्यापुरता मी नानांच्या बाजूला आहे. माईंनीही घाई केली नाही.

"भाकर मोडायची आज्ञा आहे, प्याला फिरवायची आहे, बाप्तिस्म्याच्या पाण्याची आहे," त्या म्हणाल्या. "नुसते कान पुरेसे असते तर त्यानं आपल्या हातात भाकर दिली नसती. मी त्यात भर घालत नाही. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ मी कुणाला नाचवत नाही. माझं नाटक उपदेशातलं आहे. पाळकसाहेब तोंडानं दाखला सांगतात तेव्हा आवाज बदलतात की नाही? हात पसरतात की नाही? मी तोच दाखला चार पोरांच्या तोंडी दिला. पुढे शास्त्रपाठ झाला, उपदेश झाला. त्यांची जागा मी घेतली का?"

बाळ्या खूष झाला. तो ओरडला, "बरोबर! आणि टाळ्या पडल्या म्हणजे पोचलंच ना!"

"नाही पोचलं." माई त्याच्याकडे वळल्या, आणि इथून पुढे मला जे ऐकायला मिळालं त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. "दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला, श्रीमंतानं हिसकावलेल्या गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगितली. दावीद चिडला, त्या श्रीमंतावर भडकला. तेव्हाच नाथानला म्हणता आलं, तो मनुष्य तूच. दाविदानं टाळ्या वाजवल्या असत्या तर नाथान पुढचं वाक्य कधी बोलला असता? टाळी म्हणजे पावती रे. पावती फाडली की माणसाला वाटतं, देणं फिटलं."

"पण माई, लोक रडले!"

"रडले आणि हलके होऊन घरी गेले. लूक पंधरा सुरू कुठे होतो? परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे धर्मपुढारी, कुरकुर करतात की हा येशू पापी लोकांबरोबर जेवतो. दाखला त्यांच्यासाठी आहे. बाप धावतो तिथे तो संपत नाही. धाकट्याचं स्वागत बघून थोरला भाऊ दाराबाहेर रुसून बसतो, बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो, आणि पुढे? तो आत गेला की नाही, येशू सांगतच नाही. मी तिथे थांबवलं होतं. थोरल्याला मागच्या दारात उभं केलं होतं, उपासना संपेपर्यंत, म्हणजे घरी जाताना प्रत्येकाला त्याच्यासमोरून जावं लागेल. आणि तू बाप धावताना झगझगीत दिवा सोडलास, वर संगीत! सगळ्यांना वाटलं, झालं, गोड शेवट."

बाळ्या गप्प. त्याचं मन मोडलं हे दिसत होतं, पण माई चुकल्या नव्हत्या.

माझ्या लहानपणी एका पाळकांनी यिर्मयाचा एकोणिसावा अध्याय वाचला आणि मातीचं मडकं पायरीवर फोडलं. त्या अध्यायात संदेष्टा फोडतो तसं, पुन्हा सांधता येणार नाही असं फोडलेलं मडकं. पूर्ण वाचन झाल्यावर, एकदाच. टाळी वाजवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आम्ही दचकलो होतो. एक खापरी माझ्या बाकाखाली आली. ती मी बरीच वर्षं पेटीत ठेवली होती. त्या वर्षातला दुसरा एकही उपदेश मला आठवत नाही, आणि तो अध्याय मी आजही न बघता सांगू शकतो. त्यामुळे कुणी म्हणालं की डोळ्यांना दाखवलं म्हणजे वचन पातळ झालं, तर मला ते पटत नाही.

पडद्यावरच्या चित्रांचा विषय लवकर मिटला. नाना म्हणाले, सूर्यास्तावर वचन लावतात, अक्षर धड दिसत नाही, आणि बायबल उघडणं बंद झालंय. शिवाय ज्यांना दिसत नाही त्या आजोबांनी काय करायचं? माई म्हणाल्या, अगदी खरं, तो सूर्यास्त काढा. मास्तर म्हणाले, मग ज्यांना ऐकू येत नाही त्या तिसऱ्या बाकावरच्या बाईंनी तासभर काय करायचं? रविवारी त्यांनी पहिल्यांदा मान वर करून सगळं पाहिलं. नाना काही बोलले नाहीत.

बोलले ते भलतंच. "मास्तर, तुमच्या मनात अजून हेरोद आहे."

झालं. बारा वर्षांपूर्वीचं नाताळचं नाटक. मास्तरांनी बसवलेलं, नाना हेरोद, बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा. हेरोदाला तीन वाक्यं होती. नाना सिंहासनावरून उठेचनात, बाळ येशूला भेटी आणणारे मागी लोक सोन्याचा डबा धरून ताटकळले, मेंढपाळांतला एक झोपला. पुढच्या वर्षी मास्तरांनी नानांना दारावर पत्रिका वाटायला उभं केलं.

"तेव्हापासून नानांना हायडेलबर्ग सापडलं," मास्तर म्हणाले.

"मी तत्त्व म्हणून सोडलं!"

"तुम्ही सोडलं? मी काढलं!"

"माझ्या हेरोदाला पोरं घाबरली होती!"

"पोरंच कशाला, मीही घाबरलो होतो. घड्याळाकडे बघून."

सगळे खिदळत असताना रविवारचा थोरला भाऊ फाटकातून बाहेर आला. तरणा पोरगा, हातात सायकल. नानांना बघून त्यानं मान खाली घातली आणि सटकायला लागला.

"अरे थांब," माई म्हणाल्या. "परवा दारात बराच वेळ अडकला होतास म्हणे. कुणी अडवलं?"

पोरानं नानांकडे पाहिलं. नानांनी छत्रीकडे.

"नाना आजोबांनी," तो म्हणाला. "सगळे गेल्यावर आले. म्हणाले, अरे, बाप एवढा बाहेर येऊन विनवतोय, जा ना आत. मी काही बोललो नाही, माईंनी सांगितलं होतं उत्तर द्यायचं नाही. मग त्यांनी माझं कोपर धरलं आणि ओढायला लागले."

"ओढायला?" मास्तर उभेच राहिले.

"पार वेदीपर्यंत नेलं मला."

बाळ्या कट्ट्यावरून खाली बसला. मास्तरांना ठसका लागला. माई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

"मग काय करायचं होतं?" नाना ओरडले. "तसाच बाहेर ठेवायचा होता त्याला?"