सहलीपेक्षा पाळी बदलतानाची 10 मिनिटं बघा
छोट्या उद्योगात टीमवर्क वाढवायला एका लेखात सहली नि खेळ सुचवलेत. काढा की गुरुवारच्या सुट्टीला सहल! पण पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या 10-12 माणसांच्या वर्कशॉपात टीमवर्क दिसतं ते पाळी बदलताना. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशिनचा) इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलून ऑफसेट (मापाची दुरुस्ती) दिला आणि पुढच्याला सांगितलंच नाही, तर अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. वर कच्चा माल ग्राहकाचा असेल तर डेबिट नोट, म्हणजे नुकसान आपल्या नावावर टाकणारा कागद, ठरलेली. आमच्याकडे मशिनलाच वही टांगलीय. काय बदललं ते लिहायचं, पहिला पीस दोघांनी मिळून मायक्रोमीटरने मोजायचा, मगच घरी. मालकाबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. चूक सांगायला आलेल्यावर तो सगळ्यांदेखत खेकसला, की पुढचा बिघडलेला पीस गुपचूप भंगारात जातो.