आफ्रिकानस म्हणजे 'आफ्रिकाकर' नव्हे

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गटांतून आला. सोबत टक्कल असलेल्या, काळसर दिसणाऱ्या एका अर्धपुतळ्याचा फोटो. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणारा रोमन सेनापती सिपिओ मुळात आफ्रिकन होता, 'आफ्रिकानस' हे आडनाव हाच त्याचा पुरावा, आफ्रिका खंडाला नाव त्याच्यावरूनच पडलं, पुतळ्यात त्याचा खरा चेहरा दिसतो, आणि युरोपातल्या इतिहासकारांनी हे सगळं दडवून ठेवलं.

माझ्या भाच्याने तो पाठवून विचारलं, "मावशी, हे खरं आहे का गं?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. यातला एकही मुद्दा टिकत नाही, आणि मला जास्त खुपतं ते हे, की रोमच्या इतिहासात खरोखर मोठी झालेली आफ्रिकी माणसं या मजकुरात कुठेच नाहीत.

आधी आडनाव. इथे मराठी वाचकाची गफलत होणं अगदी साहजिक आहे. गावाच्या नावाला 'कर' लागला की माणूस कुठला ते आपल्याला कळतं, त्यामुळे 'आफ्रिकानस' आपण नकळत 'आफ्रिकाकर' असं वाचतो. पण हे आडनावच नाही. या माणसाचं पूर्ण नाव पब्लियस कॉर्नेलियस सिपिओ आफ्रिकानस. पब्लियस हे त्याचं स्वतःचं नाव. अशी नावं रोममध्ये इतकी थोडी होती की शिलालेखात नुसतं एक-दोन अक्षरांचं संक्षिप्त रूप कोरलं तरी लोकांना नाव कळायचं. कॉर्नेलियस हे कुळाचं नाव, आणि सिपिओ हे त्या मोठ्या कुळातल्या एका घराण्याचं. सिपिओ म्हणजे काठी. आंधळ्या बापाला हाताशी धरून नेणाऱ्या कुणा कॉर्नेलियसला 'बापाची काठी' म्हणू लागले आणि तेच घराण्याला चिकटलं, अशी कथा रोमन लोक सांगत. मुलींच्या वाट्याला तर फक्त कुळाचं नाव यायचं. या सिपिओच्या दोन मुली, दोघींचं नाव कॉर्नेलिया.

बापाचं नाव मुलाला देण्याची पद्धत होती, त्यामुळे आपल्या सेनापतीचे वडीलसुद्धा पब्लियस कॉर्नेलियस सिपिओच. ते इ.स.पू. २१८ मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमच्या सर्वोच्च पदावर होते आणि २११ मध्ये स्पेनमध्ये लढताना मारले गेले. म्हणजे जन्मापासून वारशाने मिळालेलं नाव या तीन शब्दांपुरतंच. चौथा शब्द वडिलांच्या नावात नाही, आजोबांच्या नाही, पणजोबांच्याही नाही. घराणं आफ्रिकेतून आलं म्हणून तो शब्द असता, तर आधीच्या पिढ्यांतही तो दिसला असता.

तो आला इ.स.पू. २०२ नंतर. सिपिओ २०४ मध्ये सैन्य घेऊन युटिकाजवळ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, दोन वर्षांनी झामाच्या लढाईत त्याने हॅनिबलला हरवलं आणि कार्थेजला, म्हणजे आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रोमच्या शत्रूला, तह करावा लागला. तहात कार्थेजने ५० वर्षांत १०,००० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) चांदी द्यायची होती आणि युद्धनौका फक्त १० ठेवायच्या होत्या. हा विजय मिळवून तो रोमला परतला तेव्हा त्याला आफ्रिकानस म्हणू लागले. इतिहासकार लिव्ही याबद्दल फार प्रामाणिकपणे लिहितो. हे नाव आधी सैनिकांनी प्रेमाने दिलं, लोकांनी दिलं, की पुढे सुल्ला या सेनापतीला 'फेलिक्स' (भाग्यवान) आणि पाँपीला 'मॅग्नस' (थोर) म्हणू लागले तसं जवळच्यांच्या खुशामतीतून आलं, हे मला सापडलं नाही, असं तो सांगतो. पण आपण जिंकलेल्या लोकांच्या नावाने गौरवला गेलेला हा पहिला सेनापती, हे मात्र तो ठामपणे म्हणतो. जिंकलेल्या लोकांच्या नावाने. म्हणजे ते लोक आणि हा माणूस वेगळे, हे त्या वाक्यातच आहे.

आपल्याकडची जवळची गोष्ट सांगायची तर 'कर' नाही, किताब आठवावा. कुडतोजी गुजरांना शिवाजी महाराजांनी प्रतापराव म्हटलं, आणि आज कुडतोजी हे नाव फार थोड्यांना आठवतं. आफ्रिकानस त्या जातीचा शब्द आहे. फरक इतकाच की रोमनांच्या किताबात पराक्रम जिथे गाजवला त्या जागेचं नाव असायचं.

ही एकट्याची गोष्ट असती तर शंकेला वाव होता. पण पुढे रांगच लागली. सिपिओचा सख्खा भाऊ लुसियस याच्या नेतृत्वाखाली रोमन सैन्याने आशिया मायनरमधल्या मॅग्नेशिया इथे सीरियाचा राजा तिसरा अँटायोकस याला हरवलं, आणि लुसियस झाला एशियाटिकस. मजकुराचा नियम लावला तर एकाच आईच्या पोटचा एक मुलगा आफ्रिकेचा आणि दुसरा आशियाचा ठरेल. मेसेडोनिया पुन्हा ताब्यात आणणारा मेटेलस झाला मॅसिडोनिकस. ग्रीसमधल्या अकाया प्रदेशातलं कॉरिंथ उद्ध्वस्त करणारा मम्मियस झाला अकायकस. उत्तर आफ्रिकेतल्या न्युमिडियाचा राजा जुगुर्था याच्याशी लढलेला आणखी एक मेटेलस झाला न्युमिडिकस. यातला एकही माणूस त्या त्या प्रदेशात जन्मलेला नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण सिपिओच्या नातवाचं आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबते. हा जन्माने सिपिओ नव्हताच. पिड्नाची लढाई जिंकणाऱ्या एमिलियस पॉलसचा तो मुलगा, आफ्रिकानसच्या मुलाने दत्तक घेतलेला. दत्तक गेल्यावर रोमन माणूस नव्या बापाचं नाव घ्यायचा आणि जुन्या कुळाची खूण मागे ठेवायची झाल्यास त्याला 'आनस' जोडायचा, म्हणून हा सिपिओ एमिलियानस. इ.स.पू. १४६ मध्ये त्याने कार्थेज शहर जमीनदोस्त केलं. आफ्रिकानस हे नाव आजोबांकडून त्याच्याकडे आलं होतंच, आता ते त्याने स्वतःही कमावलं असं लोक म्हणू लागले. १३३ मध्ये त्याने स्पेनमधलं न्युमान्शिया घेतलं आणि न्युमान्टिनसही झाला. एकाच माणसाच्या नावात जन्माचं कुळ, दत्तक घराणं आणि दोन युद्धं. फक्त गाव नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लॅटिनमध्ये 'आफ्रिकानस' हे साधं विशेषणही आहे, आफ्रिकेशी संबंध असलेला एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या काळात ते खरोखर आफ्रिकेतून आलेल्या माणसालाही लागलं. सोळाव्या शतकातला प्रवासी अल-हसन अल-वझ्झान ग्रॅनडात जन्मला, मोरोक्कोतल्या फेझमध्ये वाढला, आणि युरोपात लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखला गेला. तेव्हा नुसता शब्द बघून निकाल देता येत नाही, मलाही नाही आणि मजकूर लिहिणाऱ्यालाही नाही. तो कुणाला, कधी, कशामुळे मिळाला हे बघावं लागतं. सिपिओच्या बाबतीत हे तिन्ही आपल्याला माहीत आहे.

आता खंडाचं नाव. इथे मजकुराने बैलगाडी बैलांच्या पुढे जुंपली आहे. कार्थेजच्या आसपासच्या लोकांना रोमन 'आफ्री' म्हणत, एकजण असेल तर 'आफर'. त्यांचा प्रदेश तो आफ्रिका. या प्रदेशावरून सिपिओला नाव मिळालं, त्याच्यावरून प्रदेशाला नाही. इ.स.पू. १४६ नंतर रोमने तिथे प्रांत केला त्याचंही नाव आफ्रिका, आणि तो प्रांत म्हणजे साधारण आजच्या ट्युनिशियाचा उत्तर आणि पूर्व भाग. अरबांनी त्यालाच इफ्रिकिया म्हटलं. साऱ्या खंडासाठी ग्रीक लोकांचा शब्द लिबिया होता. एका लहान प्रदेशाचं नाव पसरत पसरत आख्ख्या खंडाला मिळालं, हा प्रवास मोठा आहे आणि त्यात कुणा एका सेनापतीची गरज पडत नाही.

घराण्याबद्दल तर दगडात कोरलेला पुरावा आहे. रोमच्या आपियन रस्त्यावर सिपिओ घराण्याची जमिनीखालची दफनभूमी १७८० मध्ये नीट उजेडात आली. तिथली सर्वांत जुनी शवपेटी लुसियस कॉर्नेलियस सिपिओ बार्बाटस याची. हा इ.स.पू. २९८ चा कॉन्सल, आफ्रिकानसचा पणजोबा. बार्बाटस म्हणजे दाढीवाला. त्याच्या शवपेटीवरचा लॅटिन लेख सांगतो की त्याने सॅम्नियममधली गावं घेतली, लुकानिया जिंकलं. सगळी नावं इटलीतली. रोमचं कार्थेजशी पहिलं युद्ध २६४ मध्ये सुरू झालं, त्याच्याही तीन दशकं आधी हे घराणं रोमच्या सर्वोच्च पदावर होतं. ही शवपेटी आता व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे.

पुतळ्याचं लवकर आटोपतं. असा एक पुतळा इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन शहरातल्या एका मोठ्या हवेलीत सापडला आणि आता नेपल्समध्ये आहे. त्याला पूर्वी सिपिओचा म्हणत. तुळतुळीत डोक्यामुळे अभ्यासक आज तो इसिस या इजिप्शियन देवीच्या, डोकं भादरणाऱ्या पुजाऱ्याचा मानतात. आणि तो काळसर दिसतो कारण तो ब्राँझचा आहे.

राहिला दडवादडवीचा आरोप. टेरेन्स या नाटककाराचं लॅटिन नाव पब्लियस टेरेन्टियस आफर. जन्म कार्थेजचा. रोमला गुलाम म्हणून आला, टेरेन्टियस नावाच्या सिनेटरने त्याला शिकवलं, मुक्त केलं, आणि मुक्त झालेल्या गुलामाने मालकाचं कुळनाव घ्यायचं या रिवाजाप्रमाणे तो टेरेन्टियस झाला. त्याची सहाच्या सहा सुखात्मिका आजही उपलब्ध आहेत. आफ्रिकेतून आलेल्या या माणसाला रोमने आफ्रिकानस म्हटलं नाही, आफर म्हटलं. तो सावळ्या वर्णाचा होता हे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने सरळ लिहून ठेवलं आहे. ते जर उघडपणे लिहिलं गेलं आणि टिकलं, तर सिपिओचंच तेवढं कुणी का लपवावं?

झामाच्या गोष्टीत आफ्रिकी नायक हवा असेल तर तो आहे, आणि त्याचं नाव मॅसिनिसा. न्युमिडियाचा हा राजपुत्र स्पेनमध्ये आधी कार्थेजच्या बाजूने लढला, मग सिपिओला येऊन मिळाला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की झामाच्या आधी तो ६,००० पायदळ आणि ४,००० घोडेस्वार घेऊन आला. त्याचे आणि सिपिओचा सहकारी लेलियस याचे स्वार शत्रूच्या घोडदळाचा पाठलाग करून परतले आणि हॅनिबलच्या जुन्या, कसलेल्या पायदळावर मागून कोसळले, तिथे लढाई फिरली. पुढे त्याने न्युमिडियावर अनेक दशकं राज्य केलं, आणि पॉलिबियसने त्याला आपल्या काळातला सर्वांत थोर राजा म्हटलं. झामाची गोष्ट सांगताना याचं नाव गाळलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं, आणि सिपिओला आफ्रिकन ठरवणाऱ्या मजकुरातही ते गाळलेलं पाहून तर फारच.

आणि रोमचा एक सम्राट खरोखर आफ्रिकेतला होता. सेप्टिमियस सेव्हरस, जन्म इ.स. १४५, आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना शहरात. १९३ ते २११ या काळात त्याने साम्राज्यावर राज्य केलं. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात, २०३ मध्ये उभारलेली त्याची कमान अजून उभी आहे. तिच्यावर कोरलेल्या त्याच्या किताबांत पार्थिकस आहे, अरॅबिकस आहे, अडियाबेनिकस आहे. पुढे ब्रिटनमधल्या मोहिमेनंतर त्यात ब्रिटॅनिकसही आला. आफ्रिकानस हा किताब त्यात नाही, कारण आफ्रिका त्याने जिंकली नव्हती. तो तिथे जन्मला होता.