आम्ही ब्रुनोची मेंढरं

आमच्या घरात हल्ली कोणाला एकट्याने रुसून बसता येत नाही. सासूबाई तणतणत ओटीवरून मागीलदारी गेल्या, की ब्रुनो मागोमाग निघतो, लांबून वळसा घालून त्यांच्या पुढ्यात येतो, पोट जमिनीला टेकेल इतका दबतो आणि टक लावून बघत राहतो. भुंकत नाही, चावत नाही. नुसता बघतो. "हो मेलो असो काय बघता? मी ह्येचो काय घोडो मारलंय?" असं करवादत त्या मुकाट परत ओटीवर येतात. सगळी माणसं एका जागी जमली की मग तो उंबऱ्याशी आडवा होतो.

ब्रुनो जातीने बॉर्डर कोली. भाच्याने पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हौसेने आणलेला. भाच्याला परदेशी नोकरी लागली आणि "मामी, तुमच्याकडे आवार मोकळंच आहे ना" म्हणत त्याने ब्रुनोला देवगडला आमच्या कलमांत आणून सोडलं. आवार मोकळं आहे एवढ्या भांडवलावर पुण्या-मुंबईची माणसं आमच्याकडे काय काय पाठवतात! याआधी ट्रेडमिल आली होती. तिच्यावर निदान पापड तरी वाळत घालता येतात.

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढरं वळणारी ही जात. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर नावाच्या माणसाकडे ओल्ड हेम्प हा कुत्रा जन्मला. तोवरचे बरेच मेंढपाळ कुत्रे भुंकून, अंगावर जाऊन काम करायचे. हा नुसत्या नजरेने कळप हलवायचा. पुढे दोनशेवर पिल्लांचा बाप झाला, आणि आजच्या बॉर्डर कोलींची वंशावळ त्याच्यापाशीच जाऊन पोचते. म्हणजे सासूबाईंकडे रोखून बघतं ते सव्वाशे वर्षांचं खानदान.

पंचाईत एवढीच, की आमच्या वाडीत मेंढरू औषधालासुद्धा नाही. आणि काम नसलं म्हणून हा कुत्रा रजेवर जात नाही. मिळेल त्याची मेंढरं करतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाडीतल्या बायका अंगणभर विखरून गप्पा मारत होत्या. ब्रुनोने बाहेरच्या बाजूने गोल फेऱ्या सुरू केल्या. एक काकू साडी सावरत दोन पावलं सरकल्या, त्यांना जागा द्यायला जाऊबाई सरकल्या. आपल्याला कोणी हाकतंय असं एकीलाही वाटलं नाही. वाणाच्या डब्या घेऊन मी बाहेर येते तो सगळ्याजणी तुळस आणि विहिरीचा कठडा यांच्यामधल्या बेचक्यात खांद्याला खांदा लावून उभ्या, हातात तिळगूळ, आणि समोर एक पंजा हवेत धरून हा. "गे, आमी हय कित्याक इलंव?" कोणीतरी हळूच विचारलं. वाण वाटायला मात्र इतकी सोय आजवर कधी झाली नव्हती.

बाकी सरबराई म्हणाल तर जावई परवडला. अंगावर केसांचे दोन थर, वर लांब आणि आत दाट लोकर, थंडी-पावसात डोंगरावर राबण्यासाठी. ते घेऊन हा एप्रिलच्या घामट दुपारी न्हाणीतल्या ओल्या फरशीवर धापा टाकत पसरतो. ह्यांनी सरळ मशीन फिरवायचं काढलं होतं. डॉक्टर म्हणाले, भादरू नका, ते केस त्याला उन्हापासूनही जपतात; विंचरत जा. तेव्हापासून त्याची वेणीफणी माझ्याकडे. निघालेली लोकर आमसुलांवर, लोणच्याच्या बरणीवर, ह्यांच्या धोतरावर. पावसाळ्यात गोचिडी. गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिन गोठ्याच्या फळीवर होतंच, पण कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांत असा एक जनुकदोष असतो की हे औषध मेंदूपर्यंत शिरतं आणि मोठी मात्रा जिवावर बेतते. ती बाटली आता कुलपात, आणि मी चिमटा घेऊन ओटीवर.

एवढं करून दमवायचं शरीर नाही, डोकं. अमेरिकेत चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला तिच्या प्राध्यापक मालकाने १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. ह्यांनी हे कुठेतरी वाचलं आणि शिकवणी सुरू झाली. करवंटी, खराटा, चप्पल, झालंच तर कोयती, सगळं ब्रुनो नावानिशी आणून देतो. न मागताही देतो. 'पुळण' म्हटलं की दारात जाऊन उभा राहतो, म्हणून हे 'समुद्रावर' म्हणायला लागले. आता तोही शब्द त्याला पाठ झालाय.

ह्यांचा खरा डाव वेगळाच होता. कलमांना कैऱ्या धरल्या की वानरांची टोळी येते. ब्रुनो ती पिटाळील अशी आशा. टोळी आली. ब्रुनो कलमाखाली दबून बसला आणि बघू लागला. एखादं वानर उतरून गडग्यापलीकडे जाऊ लागलं की हा वळसा घालून आडवा. ते परत झाडावर. तिन्हीसांजेपर्यंत अख्खी टोळी आमच्याच कलमावर कैऱ्या खात एकत्र, आणि खाली हा, कृतकृत्य.

पलीकडच्या बागेतले दादा मात्र बेहद्द खूश आहेत. ब्रुनोसाठी रोज सकाळी तांदळाची भाकरी पाठवतात.