वृक्ष प्राधिकरण नक्की कोणाच्या बाजूचं?

वृक्ष प्राधिकरणाबद्दल, म्हणजे शहरातलं झाड तोडायला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या महापालिकेच्या समितीबद्दल, चार शब्द लिहिले की कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे तुम्हाला विकास नको का?" अहो, विकासाची बाजू मांडायला पथ विभाग आहे, मेट्रो आहे, बिल्डर तर आहेतच. झाडांची बाजू मांडायला कायद्याने एकच जण बसवलाय, ते हे प्राधिकरण. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975' हे नाव एकदा मोठ्याने वाचा. त्यात तोड-परवानगी हा शब्द कुठे आहे?

गोची खुर्चीतच आहे. प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त. रस्ता रुंदीकरणाचा प्रस्ताव महापालिकेचा, परवानगी मागणार महापालिका, देणारही तीच. त्यात मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक राज चाललं. निदान सभागृहात आरडाओरडा करणारे नगरसेवक असायचे, त्या काळात तेही नव्हते.

आमच्या चौकातल्या पर्जन्यवृक्षांवर मध्यंतरी नोटिसा लागल्या. साधा झेरॉक्सचा कागद, खळीने चिकटवलेला, तोही रस्त्याकडे पाठ करून भिंतीच्या बाजूला. पहिल्याच सरीत शाई उतरली. हरकतीला मुदत सात दिवस. आम्ही काही जणांनी हरकती दिल्या. सगळ्यांना एकच उत्तर आलं, "सदर वृक्ष रस्ता रुंदीकरणास बाधक आहेत." बाधक आहेत म्हणूनच तर प्रकरण तुमच्याकडे आलं ना! आराखडा दोन मीटर सरकवता येतो का, हे तुम्ही विचारलंत का, एवढंच आम्हाला हवं होतं.

मुंबईतल्या आरे वसाहतीचं उदाहरण घ्या ना. 29 ऑगस्ट 2019 ला मुंबईच्या प्राधिकरणाने मेट्रोच्या कारशेडसाठी 2,646 झाडं तोडायला किंवा हलवायला मंजुरी दिली. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती. मधले तीन दिवस प्राधिकरण कुठे होतं?

कायदा दुबळा आहे, हेही खरं नाही. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जेवढं तेवढी नवी झाडं लावायला सांगितलं. आता गंमत बघा, वय कमी लिहिलं की दोन्ही कटकटी मिटतात. म्हणून वयाच्या रकान्यावर डोळा ठेवा.

हरकत लिहिताना नुसतं 'झाडं वाचवा' लिहू नका, ते फायलीत जाऊन झोपतं. वय कोणी आणि कसं ठरवलं, पर्यायी आराखडा पाहिला का, पुनर्रोपणाची जागा कोणती, मागच्या वेळी हलवलेल्यांपैकी किती जगली, हे एकेक करून विचारा. लेखी उत्तर मागा. आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत आवक-जावकच्या टेबलासमोरून हलू नका.