लिंक वरच आहे, भाऊ!

२४ ऑगस्ट, बहिणाबाईंची जयंती. म्हणजे जळगावात आमच्या मंडळाचं ऑनलाइन कविसंमेलन आलंच, आणि ‘तुला कम्प्युटरचं कळतं’ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंच. लिंक आठवडाभर आधी टाका, आदल्या दिवशी टाका, ग्रुपवर पिन करून ठेवा. सुरू व्हायच्या तोंडावर फोन येणारच: “भाऊ, लिंक?” अरे, वरच आहे ना!

वेटिंग रूममध्ये ‘रेडमी’, ‘गॅलेक्सी’ आणि ‘पप्पूची मम्मी’. ओळखून आत घ्यायचं कुणाला? सगळ्यांना म्यूट केलं तर अध्यक्ष रुसतात. नाही केलं तर ऐन कवितेत कुकरची शिट्टी आणि “शेवभाजी झायी का वं?” (कवीपेक्षा तो आवाज स्वच्छ येतो, हे विशेष.)

झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत संपते, हे दरवर्षी सांगतो. तरी पाहुण्यांचा परिचयच अर्धा तास! पहिली ओवी सुरू होते न होते तोच सगळे बाहेर. पैसे भरून खातं घ्या म्हटलं की मंडळाकडे निधी नसतो. शाल-नारळाला मात्र असतो. ऑनलाइन कार्यक्रमात शाल पांघरता कुणाला, स्क्रीनला?