'मुद्दाम करतंय' म्हणणाऱ्यांसाठी

तीन वर्षांचं पोरगं फोनवर बोलताना बघा एकदा. पलीकडून आजी विचारते, "जेवलास का?" हा मान डोलावतो. आजी परत विचारते, हा परत मान डोलावतो, या वेळी जरा जोरात. आपण हसतो. पण तोच पोरगा तासाभराने, आई डोकं धरून पडलेली असताना डबे बडवायला लागला की निकाल तयार असतो: "मुद्दाम करतोय. दुसऱ्याचा जरा म्हणून विचार नाही!"

मला या 'मुद्दाम'चा राग येतो. मुद्दाम छळायचं तर समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते आधी कळायला हवं. आणि ते कळणं हप्त्याहप्त्याने येतं.

१९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक साधी गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? आपल्याला यात विचारण्यासारखं काहीच वाटत नाही. पण तीन वर्षांची बहुतेक मुलं बेधडक दुसरं कपाट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे ना, मग मॅक्सी तिथेच जाणार! साधारण चार-पाचच्या घरात उत्तर बदलतं.

याच्या पुढचा प्रयोग मला जास्त चक्रावून टाकतो. मुलाला गोळ्यांचा डबा दाखवतात. आत काय? "गोळ्या." उघडला तर पेन्सिली. डबा बंद करून विचारतात, "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" तीन वर्षांचं मूल बरेचदा म्हणतं, "पेन्सिली." खोटं बोलत नसतं हो ते. मिनिटभरापूर्वीचं स्वतःचं मनही त्याच्या हाती लागत नाही, तिथे आपलं कुठून लागणार?

म्हणून ते स्वार्थी ठरतं का? अजिबात नाही. १९९७ च्या एका प्रयोगात मोठ्या बाईने मुलांसमोर बिस्किटं खाऊन तोंड वाकडं केलं आणि ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली. मग हात पुढे करून म्हणाली, "मला दे ना." दीड वर्षाच्या मुलांनी ब्रोकोली दिली, स्वतःला ती आवडत नसूनही. चौदा महिन्यांच्या बहुतेक मुलांनी बिस्किटं दिली. म्हणजे स्वतःला आवडतं ते देऊन टाकलं! समोरच्याला काय हवंय हे कळायला लागतं लवकर. त्याची समजूत चुकीची असू शकते, हे कळायला बराच वेळ लागतो. (दीड वर्षाच्या आतल्या तान्ह्यांनाही ते कळतं, हे त्यांच्या नजरेवरून दिसतं, असा दावा २००५ मध्ये झाला. पुढे अनेकांना तसा निकाल मिळाला नाही. तो वाद अजून चालू आहे.)

मग आपण करायचं काय? बोलायचं. ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या, घरी खाणाखुणांची भाषा नीट न मिळालेल्या कर्णबधिर मुलांना मॅक्सीसारखा प्रश्न सुटायला खूप उशीर होतो. पण ज्यांचे आईवडील स्वतः सफाईने खुणांनी बोलतात, ती कर्णबधिर मुलं वेळेवर सोडवतात. अडचण कानाची नव्हती, गप्पांची होती. त्यामुळे भांडण झालं की मान धरून "सॉरी म्हण" वदवून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. "त्याला वाटलं तू ठोकळे परत देणारच नाहीस, म्हणून तो रडला," एवढं सांगा. स्वतःचे घोळही मोठ्याने सांगा: "मला वाटलं किल्ली पर्समध्ये आहे, म्हणून तिथे शोधत बसले." यासाठी कुठलाही क्लास नको, महागडी खेळणी तर नकोतच.

आणि हो, हे सगळं जमायला लागल्यावर मूल एकदम गुणी होईल या भ्रमात राहू नका. आज ओठांना चॉकलेट फासून "मी नाही खाल्लं" म्हणणारं पोर काही दिवसांनी तोंड स्वच्छ पुसून येईल, वर कागद धाकट्या भावाच्या उशीखाली ठेवून येईल. तेव्हा खुशाल रागवा.