कोराडीचा इतिहास कोण लिहिणार?

बातमीदारी सोडून आशियातील ऊर्जा आणि आधुनिकीकरण या विषयाच्या संशोधनाकडे वळलेल्या अभ्यासकांचे लेखन मी आवर्जून वाचतो. सरकारी दप्तरात वीज मेगावॉटमध्ये मोजलेली असते. ती कोणाच्या घरी पोचली, त्यासाठी कोणाची जमीन गेली आणि राख कोणाच्या शेतात शिरली, हे विचारण्याची सवय बातमीदाराच्या अंगवळणी पडलेली असते. नागपूरला आज अशाच अभ्यासकाची नितांत गरज आहे, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरजवळच्या कोराडी येथील कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राचा पहिला वीजनिर्मिती संच १९७४ साली सुरू झाला. त्याच वर्षी नागासाकीजवळच्या हाशिमा बेटावरील कोळसा खाण बंद झाली आणि काही महिन्यांतच सारे बेट निर्मनुष्य झाले. जपान आपल्या खाणींपासून दूर जात असताना आपण मात्र नुकतेच कोळशाचे राष्ट्रीयीकरण पूर्ण केले होते, आणि १९७५ मध्ये नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली. मंचुरियातील फुशुनची खाण आधी जपानी रेल्वे कंपनीने वाढवली, पुढे तीच साम्यवादी चीनच्या अभिमानाचा विषय झाली. सत्ता आणि विचारसरणी बदलूनही कोळशावरची भिस्त का टिकते, हा प्रश्न या तिन्ही ठिकाणांना एकत्र ठेवल्याशिवाय नीट मांडताच येत नाही.

या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव फार क्वचित येते, याची मला खंत वाटते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून लोकांची सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. दीक्षाभूमीच्या शहरात ही भूमिका आणि कोराडीचा प्रत्यक्ष अनुभव यांचा ताळा कोणीतरी मांडायलाच हवा.

तो मांडताना जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटल्याची घटना वगळता येणार नाही, तशीच नव्या संचांसाठी २०२३ मध्ये झालेली जनसुनावणीही वगळता येणार नाही. रोजगार हवा म्हणणारे आणि प्रदूषण नको म्हणणारे पुष्कळदा एकाच गावचे असतात. त्या दोघांशीही बोलणे बातमीदाराला जमते, पण दुसऱ्या दिवशी त्याला दुसरी बातमी द्यावी लागते. पन्नास वर्षांचा पट एकसंध पाहण्याची सवड संशोधनातच मिळते.

म्हणून विद्यापीठांनी अनुभवी पत्रकारांना पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती द्यावी आणि वृत्तपत्रांनी जुनी कात्रणे रद्दीत न घालता त्यांच्या हाती सोपवावीत. सर्वांत निकडीचे काम मात्र मुलाखतींचे आहे. कोराडीच्या पहिल्या संचावर तरुणपणी रुजू झालेले कामगार आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचे म्हणणे आवाजासह नोंदवण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे.